आधी कुठला पाय?

मी बूट बोलतोय. डाव्या पायाचा.

सुरुवातीलाच एक कबुली देतो. माझ्या आठवणीवर फार भिस्त ठेवू नका. ज्याचा सगळा जन्म जमिनीकडे तोंड करून गेला, त्याला रस्ते नीट आठवतात, माणसं अर्धीमुर्धी. घोटे, पायऱ्या आणि वरून कानावर पडलेली बोलणी, एवढ्यावरून मी ही हकिगत जुळवली आहे. त्यातल्या एका क्षणाबद्दल तर माझी खात्री कधीच नव्हती. धावत्या बसमधून त्या दिवशी आधी कोण उतरलं, मी की उजवा? मला आठवत होतं की उजवा. पण आपल्या सोयीची आठवण दोनदा तपासावी, असं आमच्या घरातले बाबा म्हणतात. म्हणून आधी जसं आठवतं तसं सांगतो. पडताळा मागाहून. चूकभूल द्यावी घ्यावी.

माझा जन्म कोलकात्याच्या पूर्वेला, बानतल्याच्या चामड्याच्या वसाहतीत झाला. कातडं म्हशीचं. कापणाऱ्या कारागिराने साचा ठेवला तेव्हा उजव्याचा तुकडा पाठीवरचा निघाला, घट्ट आणि दाट. माझा पोटाकडचा, जरा सैल.

“एइटा एकटू नरम,” तो शेजाऱ्याला म्हणाला. हा जरा मऊ आहे.

“चोलबे,” शेजारी म्हणाला. चालेल.

‘चालेल’ या शब्दावर ज्याचं आयुष्य सुरू झालं, त्याला स्वतःबद्दल शंका असणारच. आम्हाला पुढे पोलादी टोपी बसवली, जाड तळ लावला, आणि सेफ्टी शूज म्हणून खोक्यात घातलं. उजवा त्या खोक्यात शांत झोपला. मी मात्र आपण ताणले जाऊ, फाटू, उजव्याच्या आधी झिजू, असल्या विचारात होतो.

खोकं उघडलं ते ऋताने. ऋता मूळची पुण्याची, केंद्र सरकारच्या एका तपासणी खात्यातली अधिकारी. ऑफिस एस्प्लनेडला, पण खरं काम नदीपलीकडे हावड्याला, दासनगरच्या फाउंड्र्यांमध्ये. तिथे बिडाची झाकणं ओततात, रस्त्यातल्या मॅनहोलवर बसतात ती. ती झाकणं पक्की आहेत की नाहीत हे ऋताने ठरवायचं. तिच्याकडे मापं होती, यंत्रं होती, पण सगळ्यात आधी ती लहानशी हातोडी काढायची आणि झाकणावर टक् करायची. खणखणीत आवाज आला तर पुढची तपासणी. बद्द आवाज आला तर आत कुठेतरी पोकळी आहे, झाकण बाजूला. मी पायाशी असल्यामुळे तो आवाज मला जमिनीतूनही कळायचा. मला ते काम फार आवडायचं. खरं काय नि खोटं काय, हे एका टक्‌मध्ये कळणारी दुसरी जागा मी पाहिलेली नाही.

दासनगरला जायचं ते बसने. इथल्या बसची एक रीत आहे. पुरुष उतरणार असला की बस थांबत नाही, नुसती मंदावते. कंडक्टर ओरडतो, “बां पा, बां पा!” म्हणजे डावा पाय आधी टाका. चालत्या बसमधून पुढे तोंड करून डावा पाय टाकला की माणूस दोन पावलं बसबरोबर धावतो आणि सावरतो. उजवा टाकला की गरकन फिरतो आणि आपटतो. बाई उतरणार असली तर कंडक्टर पत्र्यावर थाप मारून ड्रायव्हरला सांगतो, “आस्ते, लेडीस!” मग बस पुरती थांबते.

ऋताला हे ‘आस्ते, लेडीस’ खपत नसे. पहिल्याच महिन्यात तिने कंडक्टरला सांगून टाकलं, “लेडीस मत बोलो. बां पा बोलो.” कंडक्टर हसला. पण त्या मार्गावरचे सगळे तिला ओळखू लागले, आणि जाड बूट घातलेल्या या मॅडमसाठी “बां पा, दिदी!” अशी आरोळी ठरून गेली. पावणेदोन वर्षं आम्ही तसेच उतरलो. आधी मी, मग उजवा. आयुष्यात मी पुढे असायचो ती तेवढी एकच जागा.

आता बाबांविषयी. मनोहर म्हणजे ऋताचे वडील, पुण्यात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. ऋताची आई सरला गेल्यावर ते लेकीकडे टालीगंजच्या क्वार्टरमध्ये राहायला आले. ऋताने लग्न केलेलं नाही, त्यामुळे घरात दोघंच. बाबा दर रविवारी घरातल्या सगळ्या चपला-बुटांना पॉलिश करतात. आमच्या आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबतात, तेही पुण्याहून कुणी आलं तर त्याने आणलेल्या मराठी पेपरांचे. माझं जे काही शिक्षण झालं ते या बोळ्यांवर. आणि बाबांच्या मांडीवर. ते पॉलिश करताना बोलतात. “हे असं झालं म्हणून ते तसं झालं, असं म्हणता येत नाही बरं का. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये.” हे ते मला सांगत की स्वतःला, ते मला अजून नीट कळलेलं नाही.

असे हे बाबा, पण घरात महत्त्वाचा दिवस असला की दारात उभे राहायचे. ऋताच्या हातावर दही घालायचे आणि म्हणायचे, “उजवं पाऊल, ऋता.” सरला म्हणायची ते. शुभ कामाला निघताना उंबऱ्याबाहेर उजवं पाऊल आधी.

“शकुनबिकुन मी मानत नाही,” ते दर वेळी पुस्ती जोडायचे. “तुझी आई म्हणायची म्हणून म्हणतो.”

तो मंगळवार महत्त्वाचा होता. बढतीनंतर ऋताची पहिली तपासणी. त्या दिवसापासून झाकणं पास की नापास हे तिच्या एकटीच्या सहीने ठरणार होतं. एप्रिल चालू होता, सकाळीच घाम येत होता. बाबांनी दही दिलं.

“उजवं पाऊल, ऋता. आणि नुसतं घरातून नाही. तिथे उतरतानाही. पहिला दिवस आहे.”

“बरं बरं,” ऋता लेस बांधत म्हणाली.

एवढं बोलणं झालं होतं. हे मला पक्कं आठवतं, कारण त्या क्षणी माझीच लेस तिच्या हातात होती.

दासनगरचा थांबा आला. “बां पा, दिदी!” आरोळी आली. आणि पुढचं मला असं आठवतं: मी अजून पायरीवर आहे, उजवा खाली गेला आहे, सगळं फिरतं आहे, माझ्याखाली काहीतरी गोल आणि ओलं आहे. मग मी आडवा आणि माझ्या आत घोटा अशा दिशेला वळलेला, ज्या दिशेला घोटा वळत नाही. कट् असा आवाज आला. बद्द नाही, खणखणीत नाही. तसला आवाज मी पूर्वी ऐकला नव्हता.

ते गोल आणि ओलं काय होतं, हे मला सांगता येत नव्हतं. मी पायरीवर असेन तर माझ्याखाली ओलं कुठून येईल? ही विसंगती मला तेव्हाही दिसत होती. मी ती बाजूला सारली.

हॉस्पिटलमध्ये माझी लेस कात्रीने कापली आणि मला पिशवीत टाकलं. घोट्याची दोन्ही हाडं मोडली होती. एका बाजूला धातूची पट्टी, सहा स्क्रू. सहा आठवडे पाय टेकायचा नाही, मग हळूहळू. सात महिने रजा.

हे सात महिने आम्ही गॅलरीतल्या मांडणीवर काढले. रविवार चुकला नाही. पण एक फरक पडला. बाबा पूर्वी उजव्यापासून सुरुवात करायचे, आता ते मला आधी घेऊ लागले. मला काही बोलत नसत. निष्कर्षाबिष्कर्षाच्या गोष्टी बंद. ब्रश मात्र फार हळू फिरायचा, जणू मला लागेल.

एकदा ऋता कुबड्यांवर गॅलरीत आली.

“बाबा, तो बूट मी घालणार नाहीये इतक्यात. किती घासाल?”

“मी तुला उतरतानाही उजवं म्हणालो.”

“काय?”

“त्या दिवशी. मी म्हणालो. इथे बसला डावा पाय टाकतात, हे मला माहीत होतं. तूच सांगितलं होतंस. आणि तरी मी म्हणालो.”

“बाबा, मला आठवतही नाही कुठला टाकला ते. दोन सेकंदांची गोष्ट.”

“तुला आठवत नाही. पण मी म्हणालो, आणि तू पडलीस.”

“एका निरीक्षणावरून...” ऋता म्हणाली.

“हो, माहीत आहे मला,” बाबा म्हणाले, आणि उजव्याला उचललं.

मी गप्प होतो. मला बोलता येत नाही हे खरं. पण बोलता आलं असतं तर मी काय बोललो असतो? उजवाच आधी उतरला, हेच ना? म्हणजे मी सुटलो असतो आणि बाबा आणखी अडकले असते. मी स्वतःला सांगितलं की हे माझ्या हातात नाही. नंतर सांगितलं की मला हातच नाहीत. भित्र्या माणसाला आणि भित्र्या बुटाला अशी कारणं भराभर सुचतात.

ऑक्टोबरच्या शेवटी ऑफिसातून मजुमदारसाहेबांचा फोन आला. सज्जन माणूस. ऋताने फोन स्पीकरवर लावून टेबलावर ठेवला, म्हणून मलाही ऐकू आला.

“ऋताजी, आप टेबल ले लीजिए. फाइल देखिए, आराम से. फील्ड में सीढ़ी है, गरमी है। रांची से एक लड़का आ रहा है, वो कर लेगा।”

“सर, मुझे फील्ड चाहिए.”

“तो सोलह तारीख को लिख के दीजिए. फील्ड या टेबल. लेकिन सोचिए. एक बार टेबल लिखा तो फिर टेबल ही.”

म्हणजे सोळा नोव्हेंबरला ठरणार. टेबल घेतलं तर झाकणं गेली, हातोडी गेली, दासनगर गेलं. आम्हीही गेलो, कारण टेबलाला सेफ्टी शूज लागत नाहीत. पण आमचं सोडा. ऋताचं एकोणपन्नासावं चालू होतं. बावीस वर्षं तिने बीड ऐकलं होतं. फाइलीवर टक् करून काय कळणार?

तिने त्या दिवशी आम्हाला खाली काढलं. उजवा सहज चढला. मी चढेना. घोटा आता पूर्वीचा राहिला नव्हता, पट्टीच्या बाजूने जाड झाला होता. तिने ओढलं, दात आवळले, पुन्हा ओढलं. शेवटी मला बाजूला ठेवून ती तशीच जमिनीवर बसली.

“संपलं,” ती म्हणाली. “बुटात पाय जात नाही आणि मी फील्ड मागतेय.”

बाबांनी मला उचललं. जीभ मागे ओढली, आत बोट घालून दाबून पाहिलं. मग उजव्यातही बोट घालून पाहिलं.

“हा उजवा जागचा हलणार नाही,” ते म्हणाले. “हा डावा मऊ आहे. हा ऐकेल.”

त्यांनी पेपर ओले केले, बोळे केले, आणि माझ्यात घोट्याच्या जागी घट्ट ठासले. सुकले की काढायचे, नवे ठासायचे. पाच दिवस हेच चाललं. मला दुखलं का? दुखलं. पण जन्मभर ज्या पोटाकडच्या चामड्याची लाज वाटली, ते त्या पाच दिवसांत अर्ध्या बोटाएवढं सैल झालं. सहाव्या दिवशी ऋताचा पाय आत गेला. कापलेल्या लेसच्या जागी बाबांनी आणलेली लेस मात्र तपकिरी निघाली. काळी मिळालीच नाही म्हणे. उजव्याला काळी, मला तपकिरी. ती अजून तशीच आहे.

मग पायऱ्या. फिजिओथेरपीला मौसुमी नावाची मुलगी यायची. बोलायची अर्धं हिंदी, अर्धं बंगाली.

“दिदी, एकटाइ नियम. उठने में भालो पा, नामने में खराप पा.” चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. “आर लाठी दाहिने हाथ में.”

“पाय डावा मोडला, मग काठी डाव्या हातात नको का?” बाबांनी विचारलं.

“ना मेशोमशाय, उल्टा,” मौसुमी म्हणाली. बाबांना ती मेशोमशाय म्हणायची, म्हणजे काका. “सबाइ भूल करे.” सगळेच चुकतात.

बाबांनी हे वहीत लिहून घेतलं. उतरताना दुखरा, म्हणजे डावा आधी. लिहून झाल्यावर ते त्या ओळीकडे बराच वेळ बघत राहिले असावेत. पेन टेबलावर ठेवल्याचा आवाज फार उशिरा आला.

क्वार्टरच्या जिन्यावर ऋता रोज चढली, रोज उतरली. पण शेवटच्या पायरीवर यायची आणि थांबायची. मी हवेत, खाली फक्त एक पायरी, आणि पाय पुढे जायचा नाही. दुखत होतं म्हणून नाही. मी आतून सांगतो, स्नायू घट्ट व्हायचे ते दुखण्याने नाही, भीतीने. मग ती उजवा पाय खाली टाकायची. मौसुमी ओरडायची, “खराप पा, दिदी, खराप पा!” ऋता म्हणायची, “अगं कळतंय मला!”

तेरा तारखेला सकाळी ती म्हणाली, “आज दासनगरला जाऊन येते. बसने. बसमधून उतरता आलं तर फील्ड लिहीन. नाही आलं तर टेबल.”

“टॅक्सीने जा,” बाबा म्हणाले.

“टॅक्सीने गेले तर मला काय कळणार?”

बाबांनी दही आणलं. हातावर घातलं. आणि उभे राहिले. काही बोलले नाहीत. ऋताही उंबऱ्याशी उभी राहिली.

“बाबा, म्हणा ना.”

“नको. या वेळी काही नको.”

“आईचं वाक्य आहे ते. तुमचं नाहीच. तिला कशाला शिक्षा?”

बाबांच्या चपला जागच्या जागी थोड्या हलल्या. पण शब्द आला नाही. ऋताने थोडी वाट पाहिली, आणि उजवं पाऊल बाहेर टाकलं. मी मागून गेलो.

बसमध्ये कंडक्टर नवा होता. दासनगर आलं तसा तो ओरडला, “आस्ते, लेडीस!” बस मंदावली, पण पुरती थांबली नाही. ऋता दारात, शेवटच्या पायरीवर. काठी उजव्या हातात. मी पुढे. खाली रस्ता हळूहळू सरकत होता. तोच रस्ता. घोट्याभोवतीचं सगळं दगडासारखं झालं.

“नामुन ना दिदी!” मागून कुणीतरी म्हणालं. उतरा की.

“घुमिये पोडलेन नाकि?” दुसरा. झोप लागली काय? दोघे-तिघे हसले.

“काठी दिसत नाही का रे तुम्हाला?” अशा अर्थाचं बंगालीत एक बाई खेकसली.

मग ऋताने मान वळवली असावी, कारण तिचा आवाज आत, ड्रायव्हरकडे गेला. “दादा, पुरो दांडान. लेडीस आछे!” पूर्ण थांबवा, बाईमाणूस आहे.

पावणेदोन वर्षं जिने हे शब्द कुणाला उच्चारू दिले नाहीत, तिने ते स्वतः मोठ्याने म्हटले. कंडक्टरने पत्र्यावर दणकून दोन थापा मारल्या. बस थांबली. रस्ता सरकायचा थांबला. आणि ऋताने डावा पाय खाली ठेवला.

म्हणजे मला ठेवलं. सगळा भार माझ्यावर आला. मी ताणलेला, ऐन घोट्यापाशी सैल पडलेला, तपकिरी लेसचा. मी धरून राहिलो. मागून उजवा आला. बस गेली.

तिने तिथेच उभ्याउभ्या फोन लावला. “बाबा, उतरले.”

पलीकडचं मला ऐकू आलं नाही. तिचं आलं. “डावा... हो, आधी डावा... घरातून उजवा. तुम्ही म्हणाला नाहीत, मी मनात म्हटलं... रडताय काय? ठेवते मी.”

थांब्यावर निमाईदा बसतो, शहाळीवाला. इथे शहाळ्याला डाब म्हणतात. ऋता नेहमी त्याच्याकडे डाब प्यायची. त्या दिवशी मला एक गोष्ट दिसली, तेव्हा मी तिचा काही विचार केला नाही. रस्त्यावरच्या बाकी सगळ्या डाबवाल्यांची रिकामी शहाळी गटाराकाठी विखुरलेली असायची. निमाईदाची सगळी एका गोणीत होती, तोंड सुतळीने बांधलेलं. ऋताला पाहून तो पटकन उठला, एक डाब निवडून तासून दिला, आणि तिच्याकडे न बघता पुन्हा कोयत्याला धार लावत बसला.

फाउंड्रीत तिथले मालक हाजराबाबू धावत आले. “दिदी! पा केमोन?” पाय कसा आहे?

“भालो. झाकणं दाखवा.”

चाचणीच्या ओट्यावर जायला लोखंडी शिडी होती, नऊ पायऱ्यांची. चढताना उजवा आधी, उतरताना मी आधी. शेवटच्या पायरीवर ती थांबली. मोजून दोन श्वास. मग उतरली. त्यानंतर टक्, टक्, टक्. पंचवीसपैकी सात झाकणं बाजूला काढली.

“सात!” हाजराबाबू कळवळले. “दिदी, आपनाके आरो छो मास बिश्राम दिते होतो!” तुम्हाला अजून सहा महिने विश्रांती द्यायला हवी होती. आणि मग स्वतःच मोठ्याने हसले. “बोझा गेलो, दिदी फिरे एसेछेन.” कळलं, दिदी परत आल्या.

सोळा तारखेला ऋताने फील्ड लिहून दिलं.

पुढची हकिगत थोडक्यात. आम्ही आणखी तीन वर्षं कामावर गेलो. मध्ये टाळेबंदी आली, फाउंड्र्या थंड पडल्या, पुन्हा पेटल्या. पाऊस लागला की घोटा दुखायचा, आणि ऋता माझी लेस एक वेढा सैल करायची. मग ऑफिसने नवे बूट दिले, हलके, आत कसला तरी फोम असलेले. आम्ही मांडणीवर गेलो. माणसं वस्तू टाकून देत नाहीत, आधी नुसत्या वापरायच्या थांबवतात. यात वाईट वाटण्यासारखं काही नाही, असं मी स्वतःला सांगत असे. रविवारी बाबा मात्र यायचे. आणि घ्यायचे मलाच आधी.

यंदा ऋताची बदली पुण्याला झाली. आता हावड्याला नदीखालून मेट्रो जाते, पण शेवटच्या फेरीला दासनगरला ती बसनेच निघाली, आणि का कोण जाणे, तिने मांडणीवरून आम्हाला काढलं.

काम झाल्यावर ती निमाईदाकडे थांबली. जाते, म्हणाली, पुण्याला, कायमची. निमाईदाने डाब तासता तासता कोयता खाली ठेवला.

“दिदी, एकटा कथा,” तो म्हणाला. एक बोलायचं आहे. मग जे बोलला ते तुटक हिंदीत, अडखळत. त्या सात वर्षांपूर्वीच्या सकाळी तो इथेच बसला होता. दिदी पडल्या ते त्याने पाहिलं. दिदी अगदी बरोबर उतरल्या होत्या. पण खाली त्याच्या गिऱ्हाइकाने पिऊन टाकलेलं शहाळं होतं, ओलं, ते घरंगळत आलं आणि पायाखाली गेलं. “हमारा डाब था, दिदी. डर गया था, बोला नहीं. फिर बोलने का मुँह नहीं रहा.” त्या दिवसापासून तो गोणी ठेवतो.

ऋता दोन पावलं त्या गोणीकडे गेली. मग म्हणाली, “निमाईदा, मैं कौन सा पैर पहले रखी थी? याद है?”

निमाईदाला प्रश्नाचं नवल वाटलं. “बां पा,” तो म्हणाला. “बां पा-ई तो दिलेन. रोज जेमोन दितेन.” डावाच. रोज टाकायचात तसा.

तिने त्याच्या गोणीची सुतळी नीट करून दिली, आणि म्हणाली, “मलाईवाला दो. आखिरी है.”

घरी आल्यावर तिने बाबांना सगळं सांगितलं. आम्ही पायातच होतो. बाबांचं वय आता चौऱ्याऐंशी. ते खुर्चीत पुढे सरकले.

“डावा? त्याने पाहिलं?”

“दहा हातांवर होता तो.”

“म्हणजे... म्हणजे तू माझं ऐकलंच नव्हतंस?”

“बाबा, मी तुमचं कधी ऐकलंय?”

बाबा हसायला लागले. सात वर्षांत ते असे हसलेले मी ऐकले नव्हते. हसता हसता खोकले, ऋताने पाणी दिलं. मग त्यांनी वाकून मला तिच्या पायातून काढलं, उलटं केलं आणि तळाकडे पाहत राहिले.

“तू होतास होय,” ते म्हणाले.

घरात आता सामानाची बांधाबांध चालली आहे. दोन याद्या केल्या आहेत, न्यायचं आणि द्यायचं. आमचं नाव अजून कुठल्याच यादीत नाही. पुण्याला नेलं तर उत्तम. दिलं तर माझी एवढीच विनंती, की ज्याला द्याल त्याला जोडी द्या. लेसेस वेगळ्या आहेत म्हणून वेगळं करू नका. उजवा पक्का आहे, अजून दहा वर्षं चालेल. मी चालेन की नाही, सांगता येत नाही. आणि कुणी विचारलंच की याचा डावा असा ताणलेला का, तर सांगा, पाय परत यावा म्हणून.

एवढी सगळी वर्षं मी स्वतःला सांगत होतो की आपण मागे होतो, पायरीवर होतो, आपला संबंध नाही. ते ओलं, ते गोल, मला पहिल्या दिवसापासून आठवत होतं. ते काय होतं, ते आता कळलं. आणि हेही कळलं की माझी आठवण खोटी होती. त्या मंगळवारी, दासनगरच्या थांब्यावर, आधी मीच उतरलो होतो.